शेताला लागून घर घेताना: अमेरिकेतल्या अर्ध्या शहरी, अर्ध्या शेतीच्या काउंटीत कसं राहायचं

मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) दक्षिण टोकाला वॉशिंग्टनची मेट्रो येते आणि त्याच काउंटीच्या वरच्या भागात मका-सोयाबीनची शेतं आहेत. हे आपोआप झालेलं नाही. १९८० साली काउंटीने सुमारे ९३,००० एकर जमीन शेतीसाठी राखली आणि तिथे २५ एकरांमागे एकच घर असा नियम केला. केंटकीतल्या लेक्सिंग्टनने त्याही आधी, १९५८ मध्ये, शहराच्या सेवा कुठपर्यंत जातील याची हद्द आखली. म्हणून तिथे वस्ती संपते आणि लगेच घोड्यांचे फार्म लागतात. पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर, विस्कॉन्सिनमधली डेन, व्हर्जिनियातली लाउडन या काउंट्यांतही शहर आणि शेत असेच खेटून आहेत.

अशा ठिकाणी घर घेताना स्वयंपाकघर, शाळा, ऑफिसचं अंतर हे सगळे बघतात. शहरात पाणी, सांडपाणी आणि गॅस बिल भरलं की येतात-जातात. सेवांच्या हद्दीपलीकडे हीच कामं तुमच्या अंगणाखाली असतात आणि ती बिघडली की निस्तरायची तुम्हालाच. शिवाय कुंपणापलीकडचं हिरवं शेत म्हणजे कुणाचा तरी चालता धंदा आहे, त्याचं वेळापत्रक हवामान ठरवतं. या दोन गोष्टींची तयारी असेल तर या काउंट्यांसारखी राहायला छान जागा नाही. नसेल तर पहिलंच वर्ष जड जातं.

पत्त्यावर जाऊ नका, हद्द बघा

पत्त्यात शहराचं नाव आहे म्हणजे घर त्या शहरात आहे असं नाही. ते नाव टपाल खात्याच्या सोयीचं असतं. घर शहराच्या हद्दीत आहे, टाउनशिपमध्ये (काउंटीतल्या छोट्या स्थानिक प्रशासनात) आहे की थेट काउंटीच्या अखत्यारीत, यावर कर, कचरा, बर्फ काढणं, कोंबड्या पाळायची परवानगी आणि पोलीस कोण येणार (शहराचे की काउंटीच्या शेरीफचे) हे ठरतं.

बहुतेक काउंट्यांच्या वेबसाइटवर जमिनींचा नकाशा असतो. त्यात घराचा प्लॉट शोधा आणि एकेक थर चालू करून बघा: झोनिंग (जमीन कशासाठी वापरता येईल याचा नियम), पाणी-सांडपाण्याची सेवाहद्द, पूररेषा आणि शेतीसाठी कायम राखलेल्या जमिनी. मग तेच थर शेजारच्या चारही प्लॉटसाठी बघा, कारण फसगत बहुधा तिथे होते. समोरच्या शेताचं झोनिंग 'कृषी' असणं आणि त्या जमिनीवर कायमचं संवर्धनाचं बंधन नोंदवलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोनिंग बदलता येतं, जसं आपल्याकडे शेतजमीन एनए होते. नोंदवलेलं बंधन मात्र जमीन विकली तरी तिच्यासोबत राहतं. 'हा नजारा कायम राहील' असं एजंट म्हणाला, तर त्या बंधनाचा दस्त मागा. दस्त नसेल तर पाच-सात वर्षांत तिथे दोनशे घरांची वसाहत उभी राहू शकते असं धरूनच किंमत ठरवा.

टायटल कंपनीकडून (मालकीहक्काच्या नोंदी तपासणाऱ्या कंपनीकडून) येणाऱ्या कागदांत हक्कांच्या नोंदी नीट वाचा. सामाईक ड्राइव्हवे असेल तर त्याच्या देखभालीचा लेखी करार आहे का? शेतकऱ्याला तुमच्या जमिनीतून ट्रॅक्टर न्यायचा हक्क आहे का? जमिनीखालच्या खनिजांचे हक्क आधीच्या कुणी वेगळे विकून टाकलेत का? आणि कुंपण दिसतं तीच हद्द असं धरू नका, मोजणी करून घ्या. जुन्या शेतांचं कुंपण गुरांच्या सोयीने घातलेलं असतं.

एकराचा अंदाज बांधायला आपलं माप उपयोगी पडतं: एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोबर ४० गुंठे. 'पाच एकरांचं घर' ऐकायला छान वाटतं, पण २०० गुंठ्यांवरचं गवत दर आठवड्याला कापायला दिवस जातो. घराभोवती अर्धा-एक एकर हिरवळ ठेवा आणि उरलेली जमीन शेजारच्या शेतकऱ्याला वैरण कापायला द्या.

असं करण्यामागे कराचंही कारण आहे. १९५६ मध्ये मेरीलँडने पहिल्यांदा शेतजमिनीवर बाजारभावाऐवजी शेतीच्या उत्पन्नानुसार कर लावला आणि पुढे अशी सवलत सगळीकडे आली. अटी राज्यागणिक वेगळ्या आहेत. न्यू जर्सीत किमान पाच एकर प्रत्यक्ष शेतीखाली आणि त्या पाच एकरांवर वर्षाला किमान १,००० डॉलरची विक्री दाखवावी लागते. घराखालची जमीन त्या पाचांत धरत नाहीत. पेनसिल्व्हेनियात दहा एकर लागतात, किंवा जमीन कमी असेल तर वर्षाला २,००० डॉलर उत्पन्नाची क्षमता. सवलत असलेली जमीन विकत घेऊन तुम्ही तिचा वापर बदललात, तर मागच्या वर्षांचा फरक वसूल होतो: पेनसिल्व्हेनियात सात वर्षांचा, व्याजासकट. म्हणून जाहिरातीतला कमी कर पाहून खूश होण्याआधी तो सवलतीमुळे कमी आहे का, ती सवलत चालू ठेवायला काय करावं लागेल आणि मोडली तर वसुली विकणाऱ्याकडून की तुमच्याकडून, हे करारातच लिहून घ्या.

पाणी: बोअरवेल तुमची, तपासणीही तुमचीच

१९७४ चा सुरक्षित पिण्याच्या पाण्याचा केंद्रीय कायदा सार्वजनिक पाणीपुरवठ्याला लागू आहे, घरगुती बोअरला नाही. म्हणजे तुमचं पाणी कुणीही तपासत नाही. न्यू जर्सीसारखी काही राज्यं घरविक्रीच्या वेळी तपासणी सक्तीची करतात, पण त्यानंतरची सगळी वर्षं तुमची.

घर घेण्याआधी बोअरची नोंद मागा. ती राज्याच्या किंवा काउंटीच्या आरोग्य खात्याकडे असते आणि त्यात खोली, केसिंग, पाण्याची पातळी आणि मिनिटाला किती गॅलन (गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर) पाणी येतं हे लिहिलेलं असतं. मिनिटाला पाच गॅलन एका कुटुंबाला आरामात पुरतं. त्याहून कमी असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त साठा बघा. सहा इंची केसिंगमध्ये फुटाला साधारण दीड गॅलन पाणी उभं असतं. पाण्याचा स्तंभ २०० फूट असेल तर ३०० गॅलन नुसते बोअरमध्येच आहेत, सकाळच्या अंघोळी निघून जातात. पण बोअर उथळ आणि आवक मिनिटाला एक गॅलन असेल तर वेगळी साठवण टाकी लागेल. ती किंमत बोलणीत धरा.

बाहेर बोअरचं तोंड जमिनीपासून किमान १२ इंच वर हवं, झाकण घट्ट आणि भोवतालची माती बाहेरच्या बाजूला उतरती. सेप्टिक टँकपासून किमान ५० फूट अंतर ही सर्वसाधारण अट आहे, शोषक्षेत्रापासून (टाकीतलं पाणी जिथे मातीत मुरतं त्या जागेपासून) अनेक राज्यांत १०० फूट. बोअरजवळ तणनाशक फवारू नका आणि तिथे पेट्रोलचे डबे ठेवू नका.

वर्षातून एकदा चार गोष्टी तपासून घ्या: कोलिफॉर्म जिवाणू, नायट्रेट, एकूण विरघळलेले क्षार आणि पीएच. पहिल्या वेळी आर्सेनिक आणि शिसंही बघा. भोवती शेती असेल तर कोणती कीडनाशकं तपासावीत ते काउंटीच्या आरोग्य खात्याला विचारा. उत्तम वेळ वसंतात, बर्फ वितळून जोराचा पाऊस झाल्यावर. बोअरमध्ये वरचं पाणी शिरत असेल तर तेव्हाच कळतं. नमुना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा. नळाची जाळी काढा, तोंड पुसून निर्जंतुक करा, थंड पाणी काही मिनिटं वाहू द्या आणि बाटलीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. मग बाटली थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. जिवाणू आढळल्याचे कितीतरी खोटे निकाल नळाच्या मळकट जाळीमुळे येतात.

नायट्रेटचा निकाल वाचताना एकक बघा. मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, पण ती नायट्रोजनच्या हिशेबात. काही प्रयोगशाळा पूर्ण नायट्रेटचा आकडा देतात. तेव्हा तीच मर्यादा सुमारे ४५ होते. हा घोळ धोक्याचा आहे, कारण जास्त नायट्रेटचं पाणी सहा महिन्यांखालच्या बाळाच्या दुधात गेलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते आणि बाळ निळं पडतं. हे पाणी उकळू नका. उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढतं. कोळशाचा फिल्टरही उपयोगाचा नाही. सिंकखाली बसवायचा आरओ काम करतो. घरात बाळ येणार असेल तर तपासणी आधी, पाळणा नंतर.

जिवाणूंचं मात्र उलट आहे: ई-कोलाय सापडला तर पाणी खळखळ उकळी येऊन एक मिनिट (समुद्रसपाटीपासून ६,५०० फुटांच्या वर तीन मिनिटं) उकळून वापरा आणि बोअरमध्ये क्लोरीनचा मारा करून घ्या. यासाठी वास नसलेलं साधं ब्लीच वापरतात. ते बोअरमध्ये ओतून पाणी फिरवतात, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत सोडतात आणि १२ ते २४ तास तसंच ठेवतात. नंतर हे पाणी बाहेरच्या नळाला पाइप लावून रिकामं करा. सेप्टिककडे सोडलंत तर तिथले उपयोगी जिवाणू मरतील. आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. निकाल पुन्हा वाईट आला तर बोअरला भेग आहे किंवा झाकण गळतंय. परत परत ब्लीच ओतून ते सुटत नाही.

तळघरात निळी किंवा करडी प्रेशर टाकी असते, ती नळांना दाबाने पाणी देते. तिचा स्विच बहुधा ४०/६० पीएसआयचा: दाब ४० ला उतरला की पंप चालू, ६० ला बंद. टाकीतल्या हवेचा दाब चालू होण्याच्या आकड्यापेक्षा दोनने कमी, म्हणजे ३८ हवा. तो वर्षातून एकदा मोजा, पण पंपाची वीज बंद करून आणि टाकीतलं पाणी काढून, नाहीतर आकडा खोटा येतो. नळ सोडल्यावर दर काही सेकंदांनी टक-टक ऐकू येत असेल तर टाकीतली पिशवी फाटली आहे किंवा हवा गेली आहे. पंप सारखा चालू-बंद होतोय आणि असंच चाललं तर जळेल. टाकी बदलणं बोअरमधून पंप वर काढण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

सेप्टिक: डोळ्याआड असलं तरी हिशेबात ठेवा

घरातलं सगळं सांडपाणी आधी टाकीत जातं. जड गाळ तळाशी बसतो, तेल-साय वर तरंगते आणि मधलं पाणी शोषक्षेत्रात, म्हणजे जमिनीखाली पसरलेल्या सच्छिद्र पाइपांत जाऊन मातीत मुरतं. आपल्याकडच्या शोषखड्ड्याचंच हे पसरलेलं रूप. टाकी भरली तर उपसता येते. शोषक्षेत्र एकदा गाळाने बुजलं तर बहुतेक वेळा नवं करावं लागतं, त्यासाठी जागा आणि पाणी झिरपणारी माती लागते, आणि घराच्या मोठ्यात मोठ्या खर्चांपैकी तो एक आहे. देखभालीचा सगळा खटाटोप त्या शोषक्षेत्रासाठी असतो.

खरेदीआधी काउंटीच्या आरोग्य खात्याकडून त्याचा नकाशा आणि परवाना मागवा. परवान्यात शयनगृहांची संख्या असते आणि टाकी त्या हिशेबाने केलेली असते. तीन शयनगृहांना साधारण १,००० गॅलन. जाहिरातीत पाच शयनगृहं आणि परवान्यात तीन असतील तर तळघरात नंतर काढलेल्या खोल्या यंत्रणेला माहीत नाहीत. तपासणीत टाकी उघडून बघायला सांगा. नुसतं रंगीत पाणी सोडून 'ठीक आहे' म्हणणं पुरेसं नाही. घर बरेच महिने रिकामं असेल तर जास्त सावध राहा: ताण नसताना बुजलेलं शोषक्षेत्रही कोरडं आणि चांगलं दिसतं, माणसं राहायला आली की दोन महिन्यांत सांडपाणी वर येतं.

दर तीन ते पाच वर्षांनी टाकी उपसा. नेमकं कधी ते मोजून ठरवणं जास्त चांगलं: तळाचा गाळ बाहेर जाणाऱ्या नळीच्या १२ इंचांच्या आत आला किंवा वरची साय त्या नळीच्या खालच्या टोकापासून सहा इंचांच्या आत उतरली की गाडी बोलवा. माणूस आलाच आहे तर बाहेर जाणाऱ्या तोंडावरचा फिल्टर धुऊन घ्या आणि आतल्या नळ्या फुटल्या आहेत का ते विचारा.

आपल्या स्वयंपाकघराला लागू पडणारी गोष्ट म्हणजे तेल. तळणीचं तेल, तूप, कढईतला तवंग सिंकमध्ये जाऊ देऊ नका. कागदाने पुसून कचऱ्यात टाका. सिंकखालचं कचरा दळणारं यंत्र वापरूच नका, त्याने टाकीत गाळ फार लवकर साठतो. 'फ्लश करता येतात' असं लिहिलेले ओले रुमाल विरघळत नाहीत. कपडे आठवडाभर वाटून धुवा. एकाच शनिवारी सहा भार लावले तर पाण्याच्या लोंढ्यात गाळ बसायला वेळच मिळत नाही आणि तो थेट शोषक्षेत्रात जातो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्याआधी टाकी बघून घ्या. दोन माणसं वाढली की पाणी त्या प्रमाणात वाढतं आणि भर थंडीत टाकी उपसायची पाळी कुणावर येऊ नये.

शोषक्षेत्रावर गाडी लावू नका, शेड बांधू नका, झाड लावू नका. वाफे केले तर कंदमुळं-पालेभाज्या तिथे नकोत, फक्त गवत. छपराचं आणि तळघरात साचलेलं पाणी उपसणाऱ्या संप पंपाचं पाणी त्या बाजूला वळवू नका. उन्हाळ्यात बाकी गवत सुकलेलं असताना तेवढाच पट्टा गर्द हिरवा दिसला, नाल्या गुडगुडल्या, सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी हळू निचरायला लागलं, तर लगेच माणूस बोलवा.

वीज, गॅस, इंटरनेट, विमा

वीज गेली की पाणीही जातं, कारण पंप विजेवर चालतो. प्रेशर टाकीत साठलेलं पाणी तिच्या आकाराच्या पाव-एक तृतीयांशच मिळतं. वादळाचा इशारा आला की बादल्या आणि टब भरून ठेवा. जनरेटर घेणार असाल तर पंप बहुधा २४० व्होल्टचा असतो आणि चालू होताना जास्त वीज ओढतो. फक्त १२० व्होल्टच्या छोट्या जनरेटरवर तो चालणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच (घराची वीज बाहेरच्या तारेपासून तोडून जनरेटरला जोडणारा) बसवा. भिंतीच्या सॉकेटमधून उलटी वीज घालण्याने बाहेर तारेवर काम करणारा माणूस मरू शकतो. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धूर दारा-खिडक्यांकडे जाणार नाही असा ठेवा. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत कधीच नाही.

घर तापवायच्या प्रोपेन गॅसची ५०० गॅलनची टाकी ८० टक्केच भरतात, म्हणजे ४०० गॅलन. काटा ३० टक्क्यांवर आला की मागणी नोंदवा. टाकी पूर्ण रिकामी झाली तर भरण्याआधी गळतीची तपासणी करावी लागते, त्याचे पैसे वेगळे आणि त्या रात्री थंडीही. टाकी स्वतःची आहे की भाड्याची हे घर घेतानाच विचारा. भाड्याची असेल तर ज्यांची टाकी त्यांच्याकडूनच गॅस घ्यावा लागतो.

इंटरनेटसाठी केंद्रीय संचार आयोगाच्या नकाशावर पत्ता टाकून बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. कंपनीकडून त्याच पत्त्यासाठी लेखी होकार घ्या. रस्त्यावर फायबर असली तरी हजार फूट ड्राइव्हवेतून घरापर्यंत आणायचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. २०२४ पासून ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या १०० मेगाबिट उतरणारं आणि २० मेगाबिट चढणारं अशी आहे. घरून काम करणाऱ्याने दुसरा आकडा आधी विचारावा.

विम्याचा भाव अग्निशमन केंद्रावर ठरतो. घर केंद्रापासून रस्त्याने पाच मैलांच्या आत आणि हायड्रंटपासून (आग विझवायच्या पाण्याच्या नळापासून) १,००० फुटांच्या आत असेल तर दर बरा मिळतो. गावाकडची बरीच अग्निशमन दलं स्वयंसेवकांची असतात, ती नोकऱ्या सोडून धावत येतात. त्यांना घर सापडावं म्हणून ड्राइव्हवेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी दिसेल असा चमकणारा घरक्रमांक लावा आणि वरच्या फांद्या साडेतेरा फुटांपर्यंत छाटून ठेवा.

खड्डा खणायचा असेल, अगदी टपालपेटीच्या खांबासाठी, तर दोन-तीन कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करा. ते फुकट येऊन खुणा करतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन-केबल, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. पण ते कंपन्यांच्या मालकीच्याच वाहिन्या दाखवतात. तुमच्या प्रोपेन टाकीची नळी, बोअरची नळी, सेप्टिक यांची खूण ते करत नाहीत, त्यासाठी जुना नकाशा जपून ठेवा. टपालपेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच आणि पेटीचं दार रस्त्याच्या कडेपासून सहा ते आठ इंच आत, हा टपाल खात्याचा नियम आहे.

रस्त्यावर

नारिंगी त्रिकोण आणि त्याला लाल कड दिसली की ते वाहन ताशी २५ मैलांपेक्षा कमी वेगाने जाणारं आहे. तुम्ही ५५ ने येत आहात आणि पुढचा ट्रॅक्टर १५ ने चाललाय, तर ३०० फुटांचं अंतर पाच सेकंदांत संपतं. चढावापलीकडे ट्रॅक्टर असेल असं धरूनच वेग ठेवा. ट्रॅक्टर उजवीकडे सरकला म्हणजे तो वाट देतोय असं समजू नका. लांब अवजार घेऊन डावीकडच्या शेतात वळायला तो आधी उजवीकडे जातो, आणि ओलांडायला निघालेली गाडी नेमकी त्याच क्षणी त्याच्या बाजूला असते. डावीकडे फाटक किंवा शेतवाट दिसत असेल तर थांबा. लँकेस्टरसारख्या काउंटीत आमिश लोकांच्या (मोटारी न वापरणारा ख्रिस्ती पंथ) घोडागाड्या असतात. मागून हॉर्न वाजवू नका, घोडा बुजतो. सावकाश, लांबून ओलांडा.

हरणांचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर, सगळ्यात जास्त नोव्हेंबर, पहाटे आणि तिन्हीसांजेला. एक गेलं की मागून दुसरं येतंच. समोर आलं तर आपल्या लेनमध्ये राहून ब्रेक दाबा. हरीण चुकवायला वळवलेली गाडी झाडावर जाते आणि माणसं बहुधा तशी दगावतात. हरणाच्या धडकेची भरपाई 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' (चोरी, गारा, जनावरं अशा नुकसानीच्या) विम्यातून मिळते, 'कोलिजन'मधून (टकरीच्या विम्यातून) नाही. गाडीला फक्त दुसरा असेल तर बदलून घ्या.

कुंपणापलीकडचा धंदा

एप्रिल-मेमध्ये शेणखत पसरतात, वास दोन-तीन दिवस राहतो. जूनमध्ये वैरणीची पहिली कापणी. गवत कापून सुकवायला सलग दोन-तीन कोरडे दिवस लागतात, म्हणून पाऊस येणार असेल तर रात्री दहालाही गठ्ठे बांधायचं काम चालतं. सप्टेंबर-नोव्हेंबरात कंबाइन (कापणी-मळणीची यंत्रं) दिव्यांच्या उजेडात चालतात आणि धान्य वाळवणारे पंखे दिवसरात्र घुमतात. घर बघायला नुसतं एकदा रविवारी दुपारी नाही, तर एप्रिलच्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या रात्रीही जाऊन या. याबद्दल तक्रार करायला कोर्टात जागा फारशी नाही: पन्नासही राज्यांत शेतीच्या हक्काचा कायदा आहे, आणि आधीपासून नियमाने चाललेल्या शेतीवर वास-धूळ-आवाजाचा दावा सहसा टिकत नाही. न्याय्यच आहे ते, शेत आधी होतं.

काही चुका मात्र शहरातून आलेली भली माणसं नकळत करतात आणि जनावरं मरतात. यू नावाचं सदाहरित झुडूप अंगणात शोभेसाठी लावलेलं असतं. त्याची छाटलेली पानं कुंपणावरून टाकली तर मूठभर खाऊनही घोडा किंवा गाय मरते. लाल मेपलची सुकत आलेली पानं घोड्याला विषारी आहेत. लॉनमधलं ताजं कापलेलं गवत ढिगाने टाकलं तर घोड्याला जीवघेणी पोटदुखी होते. प्रेमाने का होईना, दुसऱ्याच्या जनावराला काहीही खायला घालू नका.

कुत्रा मोकळा सोडू नका. मेंढ्या-गुरांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालायची मुभा अनेक राज्यांत शेतकऱ्याला आहे. फाटक जसं दिसलं तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. पिकाच्या ओळींतून फिरायला जाऊ नका. धान्याच्या कोठ्यांपासून मुलांना लांब ठेवा: दाणे खालून वाहत असताना आत उतरलेला माणूस काही सेकंदांत अडकतो. शिकारीच्या हंगामात झाडीजवळ चालताना भडक नारिंगी जाकीट घाला. दिवाळीला फटाके उडवणार असाल तर राज्याचा नियम बघा आणि घोडे किंवा गुरं असलेल्या शेजाऱ्यांना दोन दिवस आधी कळवा. ते जनावरं आत बांधतील. सुक्या गवताच्या गंजीजवळ आकाशकंदील सोडणं अजिबात नको.

स्वतः काही पिकवायचं असेल तर काउंटीच्या एक्स्टेन्शन कार्यालयापासून सुरुवात करा. १९१४ च्या कायद्याने राज्य कृषी विद्यापीठांचं ज्ञान काउंटीपर्यंत पोचवायला ही कार्यालयं आली आणि त्यांचं माती परीक्षण भरवशाचं असतं. बागेच्या १५-२० ठिकाणांहून सहा-आठ इंच खोलीपर्यंतची माती घ्या, प्लॅस्टिकच्याच बादलीत मिसळा (गॅल्व्हनाइज्ड बादलीतलं जस्त निकाल बिघडवतं) आणि त्यातली दीड-दोन कप पाठवा. निकाल येईपर्यंत चुना किंवा खत घालू नका.

शेतावरून थेट भाजी घ्यायची असेल तर हंगामाचे वाटे बहुतेक शेतकरी जानेवारी ते मार्चमध्ये विकतात. जूनमध्ये विचारलंत तर संपलेले असतात. पैसे आधी भरायचे आणि पीक बुडालं तर तोट्यातही वाटेकरी व्हायचं, हे मान्य असेल तरच घ्या.

शेजारच्या शेतकऱ्याला भेटायचीही हीच वेळ, जानेवारी-फेब्रुवारी, कामं थंडावलेली असताना. त्याचा फोन नंबर घ्या, तुमचा द्या, फवारणीच्या आदल्या दिवशी कळवशील का एवढं विचारा. एखाद्या पहाटे त्याची गुरं रस्त्यावर दिसली तर धोक्याचे दिवे लावून गाडी लांब उभी करा, आधी ९११ ला (आणीबाणीचा नंबर) आणि लगेच त्याला फोन करा. त्यांना मागून हाकलू नका, ती धावत सुटतात. तो बादलीत दाणे घेऊन येईपर्यंत दोन्ही बाजूंची वाहनं थांबवून धरा.